एका दिवसात तीन छंद

नागपूरचा माझा मेहुणा कोणताही आनंद सुटा घेत नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत तो गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावी आला, तो सायकल, दुर्बीण आणि पक्ष्यांचे सचित्र पुस्तक घेऊनच. आणि टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यापर्यंत सायकलने जाणे, तिथल्या तलावात डोंग्यातून फिरणे व वन्यजीव पाहणे असा भरगच्च कार्यक्रम त्याने परस्पर जाहीर केला. हे तिन्ही छंद एकमेकांचे हाडवैरी आहेत, हे मला दिसत होते. परंतु बायकोच्या भावाला दोष दाखवण्याची प्रथा आमच्या घरात नाही.

पांदणीने बाभळीचे काटे चुकवत आम्ही निघालो. पांदण संपल्यावर धुरा, म्हणजे शेताचा बांध, लागला. धुऱ्याची रुंदी एका माणसाला पुरेल इतकीच असते आणि दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, कापलेल्या धानाच्या खुंटांमधून कोवळी लाखोळी उगवलेली असल्यामुळे पडायचे कोणत्या बाजूला, याचाही विचार करावा लागतो. माझ्या सायकलीचे मडगार्ड खडखडत होते. “भाऊजी, पक्ष्यांना आवाज चालत नाही,” असे तो घंटी वाजवत मला सांगत होता. एका टिटवीने तर आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असा कालवा केला की, आम्ही झऱ्यावर पोचलो तेव्हा तिथे एका म्हशीखेरीज वन्य किंवा पाळीव असे कोणीही उरले नव्हते.

झरा मात्र सुरेख आहे. पावसाळ्यात टेकडीत मुरलेले पाणी खडकाच्या भेगांतून वाट काढत इथे बाहेर पडते आणि खालच्या जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या, तलावात उतरते. असे तलाव बांधण्यात आमच्याकडच्या कोहळी समाजाचा हातखंडा होता; नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशयही त्यांचाच. या माहितीकडे मेहुण्याने दुर्लक्ष केले, कारण ती त्याच्या पुस्तकात नव्हती.

डोंगा म्हणजे एका बुंध्यातून कोरलेली होडी. त्यात बसण्याची एकच रीत आहे, ती म्हणजे न हलणे. आणि पक्षी पाहण्याची रीत नेमकी उलटी. डावीकडे हळदीकुंकू बदक दिसताच मेहुणा डावीकडे झुकला व चोचीच्या मुळाशी असलेले तांबडे ठिपके पाहा, असा आग्रह मला करू लागला. त्याच्या बहिणीचेच हळदीकुंकू त्या क्षणी धोक्यात होते. “हलू नोका जी, गुरुजी!” असे डोंगेवाला ढिवर ओरडला, तोही मला, कारण पाहुण्याला ओरडायचे कसे? डोंगा बुडाला नाही, परंतु एका काठाने त्याने जे पाणी घेतले, त्यात दुर्बीण आणि पुस्तक दोन्ही न्हाऊन निघाली.

परतताना त्याच्या सायकलीत काटा गेला. तोंडाला कुलूप लावून आम्ही सायकली हाताने ढकलत गावाशेजारच्या बांध्यांपर्यंत आलो, तर समोर सारसांची जोडी! महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात. तांबड्या मानेचा, माणसाच्या उंचीचा नर धानाच्या खुंटांत चोच घालून शांतपणे चरत होता. मादी त्याच्या दोन पावले पुढे होती. त्यांना पाहायला दुर्बीण लागत नव्हती, सायकल नाही, डोंगा तर नाहीच.

रात्री जेवताना मेहुण्याने हे यश आपल्या नियोजनाला दिले. “गावाला लागून सारस आहेत, हे तुम्ही माझ्या भावाला आधी का सांगितले नाही? उगाच दिवसभर फिरवलेत त्याला,” असे सौभाग्यवतींनी मला सर्वांसमक्ष विचारले, त्यावर “जाऊ दे ताई, भाऊजींच्या लक्षात आले नसेल,” असे म्हणून त्याने मला क्षमा केली.