सध्या काय चालू?

"काय, सध्या काय चालू?" हा प्रश्न आपल्याकडे उत्तर मिळावं म्हणून विचारत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. समोरच्याला "निवांत" एवढं ऐकून मठ्ठ्याच्या दिशेने सरकायचं असतं. मी मात्र नाशिकला, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, लग्नात नवऱ्याच्या थोरल्या मामांना खरं उत्तर दिलं. सध्या झिओलाइट चालू होतं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, बेसॉल्टमधल्या त्या पोकळ्यांत पुढे सावकाश खनिजांचे स्फटिक वाढतात, स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, आणि अपोफिलाइट जर हिरवं निघालं तर... इथपर्यंत आले तोवर पंगत उठली होती. मामा उपाशी. तेव्हापासून ते मला लांबूनच हात करतात.

मी स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. निदान पस्तिशी ओलांडल्यावर झालं. घरच्यांनी चार दिवस गंभीर चेहरे केले आणि मग मुद्द्याचं विचारलं, "मग तुझा विषय कोणता?" लोकांच्या डोक्यात हिशेब पक्का असतो: एक ऑटिस्टिक माणूस, एक विषय, जन्मभर पुरेल असा, शक्यतो रेल्वे. असे लोक आहेतही, आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो. माझे विषय बदलीच्या नोकरीतले आहेत. बोऱ्याबिस्तरा घेऊन येतात, आल्या दिवशी अख्ख्या घराचा चार्ज घेतात, आणि आता जरा ओळख झाली म्हणावं तर एका सकाळी ऑर्डर निघून चालते होतात. निरोप समारंभ नाही, पुढचा पत्ता नाही.

रेल्वेसुद्धा येऊन गेली. तेव्हा कसारा घाट चालू होता. सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते, एवढा तो चढ. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. मुंबईहून येताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये हे सगळं शेजारच्या बाईंना समजावून सांगितलं. त्यांना कसाऱ्यालाच गाढ झोप लागली. ते सोंग होतं, हे नवऱ्याने घरी आल्यावर सांगितलं.

मग ब्राह्मी लिपी आली. पांडवलेण्यांच्या पायऱ्या ज्या बाईने शाळेच्या सहलीत रडत चढल्या होत्या, ती रविवारी उजाडायच्या आत तिथे हजर. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून ठेवलंय. शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा, वगैरे. पण त्याच यादीत तो अखंड आईची सेवा करणारा होता असंही आहे. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या एखाद्या विषयात त्यांना राम दिसला. "दगडात कोरलंय?" त्यांनी दोनदा विचारलं आणि मुलाकडे बघत राहिल्या.

नवऱ्याची बाजू सावरायला मी दहाव्या लेण्यातला उषवदात काढला. हा क्षत्रप नहपानाचा जावई, आणि याने तीन लाख गाई दान दिल्याचं भिंतीवर लिहिलंय. नवरा अधिक महिन्यात माझ्या माहेरून चांदीचं निरांजन घेऊन नुकताच आला होता. जावई असून देणारा माणूस नाशकात होऊन गेला, ही माहिती त्याला आवडली नाही.

विषय ऐन भरात असतो तेव्हा मला काहीच त्रास नसतो. त्रास भोवतालच्यांना. "तुला माहितीये का" हे तीन शब्द ऐकले की नवरा मुकाट उठून गॅस बंद करतो, कारण पुढच्या तासाभरात वरणाचं काय होणार ते त्याला माहीत असतं. खरी परीक्षा विषय गेल्यावर. तेव्हा नातेवाइकांचं प्रेम उशिरा पोहोचतं. निफाडच्या आत्यांना खनिजांचं कळायला सहा महिने लागले, पण कळलं ते मनापासून. शेजाऱ्याच्या नव्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. तिथून निघालेले चकाकते दगड त्या द्राक्षांच्या क्रेटमधून पाठवू लागल्या. तोवर माझ्यासाठी दगड पुन्हा दगड झाले होते आणि मी पाणपक्ष्यांत होते. "आवडले का गं?" असं त्या फोनवर विचारतात तेव्हा काय सांगायचं? सांगते, छान आहेत. क्रेट बाल्कनीत आहेत. बाल्कनीत आता आम्ही नाही.

आणि सल्ले. "एवढं येतं तर क्लास काढ." "यूट्यूबवर टाक, पैसे मिळतात म्हणे." चॅनेलचं नाव ठरून लोगो होईपर्यंत विषय टिकायला हवा ना! मग धरसोड वृत्तीचं प्रमाणपत्र मिळतं. सोडणं माझ्या हातात असतं तर मी ब्राह्मी कशाला सोडली असती? मला ती येत होती!

पण सगळ्यात वाईट म्हणजे मधला काळ. एक गेला, दुसरा रुजू झाला नाही. डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका शोधनिबंधात ऑटिझमची अशी मांडणी केली की, आमचं लक्ष चारी दिशांना वाटलं जात नाही, ते थोड्याच ठिकाणी पण सगळंच्या सगळं ओतलं जातं. याला मोनोट्रॉपिझम म्हणतात. मला हे वाचल्यावर कुकरचं कोडं सुटलं. विषय असला की पाच शिट्ट्या झाल्या तरी मला एकही ऐकू येत नाही. विषय नसला की वरच्या मजल्यावरचा मिक्सर माझ्या दाढांत फिरतो, ऑफिसातली ट्यूबलाइट आवाज करते, आणि कुर्त्याचं लेबल मानेला दिवसभर हाका मारतं. तेव्हा मी कपाटं आवरते. नवरा विचारतो, "पद रिक्त आहे वाटतं?" आणि जेवणात निमूट खिचडी टाकतो. हा माणूस दान देत नाही, पण याच्यावर एखादा छोटा शिलालेख व्हायला हरकत नाही.

त्याने आणि मी मिळून काही नियम केलेत. नवा विषय आला की आधी सावाना. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, माझ्या चकरांनी त्याचं काही बिघडत नाही. मग वस्तू उसनी मागायची, मग जुनी शोधायची, आणि नवी विकत घ्यायची ती अगदी शेवटी. बहुतेक वेळा शेवट येईपर्यंत विषय गेलेला असतो. दुर्बीण अशीच वाचली. नांदूर मध्यमेश्वरला, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे ती, मी अख्खा हिवाळा नवऱ्याच्या मित्राच्या दुर्बिणीवर काढला. दुसरा नियम, काही विकायचं नाही. ब्राह्मी एकदा परत आली, आणि वह्या रद्दीत गेल्या असत्या तर मला पहिल्यापासून अ गिरवावा लागला असता. म्हणून माळ्यावर डबे आहेत, नावं घातलेले. माळा भरलाय, तो आता नवऱ्याचा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात मात्र चमत्कार झाला. विषय आला तो पुराचा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, ही आपली जुनी मोजपट्टी. १९६९, २००८, २०१६, २०१९ असे सगळे पूर मी उकरून काढले. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, होळकर पुलाखाली किती वाहतंय, तोंडपाठ. जन्मात पहिल्यांदाच नातेवाईक आपणहून फोन करायला लागले. "अगं, सराफ बाजारात जाऊ का?" "गाडी गोदाकाठी लावली तर चालेल?" मामांनीसुद्धा केला. मी उत्तर देत होते आणि ते शेवटपर्यंत ऐकत होते!

आणि ऐन ऑगस्टमध्ये, विसर्ग वाढत असताना, विषय गेला. सकाळी उठले तर आकडे नुसते आकडे. दुपारी मी तांबट आळीत, हंड्याला ठोके कसे घालतात ते बघत उभी. संध्याकाळी आत्यांचा फोन आला, पाणी किती सोडलंय. मी म्हटलं, माहीत नाही. पलीकडे शांतता. मग काळजीने, "बरं नाही का गं तुला?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "तिचं पुराचं संपलं," त्या म्हणाल्या. "मला विचारा. होळकर पुलाखालचा आकडा हवाय का धरणातला?"