ऊस कोरडा दाखवला म्हणता, बरोबरच आहे

दादा, सांगलीकडच्या 2019 च्या पुराचा मी नकाशा टाकला, त्याखालची तुमची कमेंट तीनदा वाचली. "आमचा ऊस पाच दिवस पाण्यात होता, तुझ्या नकाशात कोरडा, वर म्हणतोस 88 टक्के अचूक, घरात बसून नकाशे काढायचे धंदे बंद कर." उसाचं तुमचं बरोबर. घरात बसून हे मात्र नाही पटलं, 2019 चा पूर ओसरल्यावर डिग्रज, भिलवडी, औदुंबर गाडीवरून फिरलोय, भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा बघत.

ऑगस्टात वर ढगच ढग, साधा फोटो काय कामाचा नाही, म्हणून सेंटिनेल-1 या उपग्रहाचं रडार घेतलं. संथ पाणी रडारला आरशासारखं, सिग्नल पलीकडं निघून जातो आणि तिथं काळं दिसतं, एवढ्यावरच सगळा खेळ. पण आडसाली ऊस तोवर डोक्याच्या वर गेलेला, रडारची साडेपाच सेंटीमीटरची लाट पाल्यातनंच माघारी येते, खाली कमरेएवढं पाणी असलं तरी तिला पत्ता नाही. त्यात उपग्रह त्याच वाटेवर बारा दिवसांनी येणार, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी धोक्याची 45 फुटांची खूण ओलांडून 57 वर गेलंय हे बघून थोडाच येतो तो.

आता 88 टक्के. 50 जागा तपासल्या, 44 जुळल्या, आकडा खोटा नाही. पण बहुतेक जागा रस्त्याकडच्या मोकळ्या रानातल्या नाहीतर पार माळावरच्या, जिथं चुकायचं म्हटलं तरी अवघड. उसातल्या फक्त 8, आणि त्यातल्या 5 चुकल्या! हे वेगळं लिहायला पाहिजे होतं, मी एकच गोंडस आकडा वर टाकला, तिथं माझं चुकलं. (नकाशावरनं बांधाचं भांडण मात्र कुणी काढू नका, एक चौकोन 10 बाय 10 मीटर म्हणजे जवळपास गुंठाभर, आणि रडारला तेवढंही बारीक दिसत नाही.)

जमिनीच्या उंचीवरनं उसातलं पाणी भरून काढायला गेलो, पण फुकटच्या डेटात उंचीच दोनचार मीटर इकडंतिकडं, आपल्या नदीकाठच्या सपाट रानात तेवढ्यात अख्खं शिवार बुडतं की राव. म्हणून नव्या नकाशात उसावर नुसत्या तिरक्या रेघा मारल्यात, बुडालं पण नाही आणि कोरडं पण नाही, रडारला कळलं नाही एवढंच.

तुमच्या मोटारीच्या खोलीवर 2019 ची खूण असेल तर टेप लावून जमिनीपासून किती फूट ते टाका, आणि तिथंच उभं राहून लोकेशन मला मेसेजमधनं पाठवा, इथं उघड्यावर नको.