घोडी लाकूड खाते म्हणून तिला ऑइल चाटवायचं?

परवा रात्री साडेनऊला मामांचा फोन. "भाचे, चांदणीच्या तोंडाला काळं लागलंय, रॉकेलने पुसू का रे?" काळं कसलं, तर जळकं ऑइल. गोठ्यापुढच्या कुंपणाच्या आडव्या वाशांना मामांनी स्वतः ब्रशने फासलेलं. का फासलं? व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणून.

चांदणी ही मामांची घोडी. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घेतली, तेव्हापासून मामींपेक्षा तिचीच विचारपूस जास्त. ती कुंपण कुरतडते हे खरं आहे. मधला वासा मी पाहिलाय, डमरूसारखा झालाय. दोन्ही बाजू जाड आणि मध्ये मनगटाएवढा, त्यावर दातांचे ओले चरे. लाकूड फुकट येत नाही, त्यामुळे मामांचा वैताग मला समजतो. पण त्या मेसेजमध्ये "१०० टक्के खात्रीशीर" म्हणून जे पाच उपाय दिलेत, ते लिहिणाऱ्याने आयुष्यात घोडा टांग्याला जुंपलेलाच पाहिला असावा, तोही लांबून.

क्रमाने जात नाही. आधी तिसरा मुद्दा घेतो, कारण त्यानेच माझी झोप घालवली.

"लाकडाला गाडीचं जळकं ऑइल लावा, घोडा पुन्हा तोंड लावणार नाही." वाळवीसाठी आपल्याकडे खांबांना जळकं ऑइल लावतात, ते इथे आणून चिकटवलंय. पण खांबाला जनावर तोंड लावत नसतं. इथे मूळ तक्रारच जनावर लाकडाला तोंड लावतं ही आहे! ज्याला लाकूड चघळायची सवय आहे, त्याच्या जिभेवर इंजिनातून झिजलेल्या धातूंचा चुरा आणि इंधन जळून राहिलेली विषारी संयुगं आपणच नेऊन ठेवायची, याला उपाय म्हणायचं? वापरलेलं ऑइल आपल्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते नाल्यात ओतायला मनाई आहे, आणि आपण ते घोडीला चाटवतोय.

ऐकून माहीत असेल नसेल, म्हणून सांगतो. १९७१ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मॉस्को मिल्स गावी घोड्यांच्या एका तबेल्याच्या रिंगणात धूळ बसावी म्हणून टाकाऊ ऑइल फवारलं. थोड्याच दिवसांत आढ्यावरचे पक्षी मरून खाली पडू लागले, मग घोडे आजारी पडले, आणि कित्येक डझन घोडे गेले. मालकाच्या घरातली लहान मुलंही आजारी पडली. कारण सापडायला १९७४ उजाडलं. ऑइलमध्ये एका रासायनिक कारखान्याचा कचरा मिसळला होता आणि त्यात डायॉक्सिन नावाचं जहाल विष होतं. आता कुणी म्हणेल, ते डायॉक्सिन होतं, आपलं तर साधं ट्रॅक्टरचं ऑइल. बरोबर आहे, ती गोष्ट आणि ही गोष्ट एक नाही. पण गॅरेजच्या कोपऱ्यातल्या त्या पिंपात ट्रॅक्टरचं किती, ब्रेकचं किती आणि बॅटरी धुतलेलं पाणी किती, हे मामांनी विचारलं होतं का? गॅरेजवाल्याला तरी सांगता येईल का?

बाकीचे मुद्दे पटापट.

"अंगात मीठ कमी पडलं की घोडा लाकूड खातो." मीठ ठेवा, मी नको म्हणत नाही. खनिज मिठाचा खडा गव्हाणीत असावाच, उन्हाळ्यात तर हवाच. पण लाकडात कुठलं मीठ आलंय? खडा चाटूनही कुंपण खाणारे घोडे पुष्कळ आहेत.

"गळ्यात पट्टा असा आवळा की बोटही जाऊ नये." इथे मेसेजवाल्याने दोन वेगळ्या खोडींची खिचडी केलीय. काही घोडे वरचे पुढचे दात वाशावर रोवतात, मान कमानीसारखी ताणतात आणि घशातून ढेकरासारखा आवाज काढत हवा ओढतात. पट्टा निघाला तो त्यांच्यासाठी. नुसतं लाकूड सोलून चघळणाऱ्या घोड्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि हवा ओढणाऱ्यालाही पट्टा काही काळ थांबवतो, काढला की तो आधीपेक्षा जोरात सुरू होतो. बोट न जाणारा पट्टा म्हणजे तर मानेला जखम.

"एकाचं बघून सगळा तबेला शिकतो, म्हणून तो घोडा एकटा बांधा." हे घोडेवाल्यांमध्ये जगभर मुरलेलं आहे. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घोडेमालकांची मोठी पाहणी केली. जवळपास निम्म्या मालकांना वाटत होतं की हवा ओढायची खोड बघून लागते. प्रत्यक्षात असा घोडा शेजारी आल्यावर खोड लागलेले निघाले सुमारे एक टक्का. घोडा कळपात राहणारं जनावर आहे, एकटं बांधलं की खोड वाढायचीच शक्यता जास्त.

आता पाचवा, आणि हा वाचून मला हसावं की रडावं कळेना. "चारा कमी करा आणि चंदी (म्हणजे दाण्यांचा खुराक) वाढवा, पोट भरलेल्या घोड्याला माज येतो." म्हणजे दुखणं हेच औषध! घोड्याचं जठर आकाराने लहान, पण त्यात आम्ल चोवीस तास झरतं. ते आम्ल मारते लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. म्हणून मोकळा घोडा दिवसरात्र मिळून चौदा-पंधरा तास चरत असतो. चंदी दहा मिनिटांत संपते, कडबा तासभर चावावा लागतो. मामांना विचारलं, चांदणीला काय देता? हरभरा-मका मिळून चारेक किलो चंदी आणि सकाळ-संध्याकाळ एकेक पेंढी कडबा. रात्री आठ ते सकाळी सहा गव्हाण रिकामी. मग ती दहा तास करणार काय? समोर वासा आहे, तो खाणार. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो. तिच्या पोटात त्याच्या निम्मादेखील जात नव्हता.

मिरचीची पेस्ट लावा असंही खाली एका ओळीत होतं. ते मात्र, नाइलाजाने कबूल करतो, काही घोड्यांवर चालतं. पाऊस पडेपर्यंत.

मामांना सांगितलं ते असं. रॉकेल नको, कोमट पाणी आणि साध्या साबणाने तोंड पुसा. ऑइल लावलेले वासे उद्याच्या उद्या काढा आणि चुलीत घालू नका, धूर तुमच्याच घरात येईल. नवीन वाशांच्या वरच्या कडेला लोखंडी पट्टी ठोका, लाकूड वाचेल. चंदी अर्धी करा, एकदम नाही, आठवडाभरात हळूहळू. रात्रीसाठी मारवेलचं वाळलं गवत बारीक भोकांच्या जाळीत टांगा, म्हणजे ओढत-ओढत खाईल. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दिसेल असं बांधा. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यांना बोलावलं, त्यांनी दात आणि तोंड बघितलं. ओठ थोडा सुजला होता, बाकी ठीक.

काल मामांनी फोटो पाठवलाय. जाळी टांगलीय, चांदणीचं अर्धं तोंड गवतात. फोटोच्या खालीच त्यांनी एक मेसेज पुढे ढकललाय, गाईच्या दुधासाठी.