पोर, पारा आणि आपलं 'खातर'

नमस्कार. स्पॅनिशमधल्या 'पोर' आणि 'पारा' या दोन शब्दांबद्दल मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : "'पारा म्हणजे साठी आणि पोर म्हणजे मुळे' हे तुमचं सूत्र पहिल्याच परीक्षेत तोंडावर पडतं. 'देशासाठी मेला' याचं स्पॅनिश 'मुरियो पोर ला पात्रिया' असं होतं, 'पारा' नव्हे. मराठीची कुबडी कशाला? इंग्रजी 'फॉर'चे नियम पाठ करावेत हे बरं."

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. ते सूत्र मी घाईत लिहिलं. दुसरा मात्र नाही.

घोटाळा झाला तो आपल्या 'साठी'च्या दोन चेहऱ्यांमुळे. 'तुझ्यासाठी डबा आणलाय' यात डबा तुझ्याकडे पोचायचा आहे. 'तुझ्यासाठी मी गप्प बसले' यात काहीच कुठे पोचत नाही. गप्प बसण्यामागचं कारण तू आहेस. पहिलं 'पारा ती', दुसरं 'पोर ती' (हा 'ती' म्हणजे स्पॅनिशमधला 'तू'). आता दोन्हीकडे 'खातर' घालून पाहा. 'तुझ्याखातर गप्प बसले' हे फक्कड मराठी आहे. 'तुझ्याखातर डबा' म्हटलं की डब्यामागे काहीतरी त्याग असल्याचा वास येतो! देशाखातर मेला, मैत्रीखातर खोटं बोलला, पैशापायी घर सोडलं : सगळीकडे पोर.

इंग्रजी 'फॉर'ला हा भेद दाखवता येत नाही, म्हणून त्याच्या वाटेने जाणाऱ्याला याद्या पाठ कराव्या लागतात. मीही केल्या होत्या. तरी माद्रिदच्या स्टेशनवर तोलेदोच्या गाडीची चौकशी करताना 'पारा' ऐवजी 'पोर' म्हणून बसले, म्हणजे 'ही तोलेदोवरून जाते का?' समोरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की गाडी तोलेदोलाच संपते. 'तोलेदोला' आणि 'तोलेदोवरून' यांत माझी मराठीत कधी चूक झाली नसती.

इंग्रजीच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे. शोधणं, वाट पाहणं, मागणं या तिन्हींच्या मागे इंग्रजीत 'फॉर' लागतो; स्पॅनिशमध्ये 'बुस्को मी लिब्रो', बस्स. 'माझं पुस्तक शोधतेय' म्हणताना आपणही 'साठी' लावत नाही. आभारही आपण 'बद्दल' मानतो, तिथे 'ग्रासियास पोर'. 'वयाच्या मानाने उंच आहे' याला 'पारा सु एदाद'. तिथला 'मानाने' इंग्रजीतून विचार करणाऱ्याला सुचतच नाही. प्रश्नांचं तर विचारूच नका. 'पोर के?' म्हणजे 'का?' आणि 'पारा के?' म्हणजे 'कशाला?' आपल्या 'कशाला'तली ती 'काय उपयोग?' अशी कुरकुरसुद्धा 'पारा के'मध्ये डोकावते. तुम्ही मला विचारलंत ना, 'मराठीची कुबडी कशाला'? नेमका 'पारा के'.

मुळात हे दोन शब्द एकाच घरातले. जुन्या स्पॅनिशमध्ये 'पारा'चं रूप 'पोरा' असं होतं, म्हणजे 'पोर'ला दिशा दाखवणारा 'आ' जोडलेला. एल सीद या स्पॅनिश वीरावरच्या मध्ययुगीन महाकाव्यात तो तसाच भेटतो. (पोर, पोरा, पारा! शेवटचा हातातून निसटायचाच.) तो 'आ' ध्यानात ठेवला की 'सोमवारपर्यंत हवंय' याला 'पारा एल लुनेस' का, हेही उमगतं : काळातलं मुक्कामाचं ठिकाण.

'खातर'ची कसोटी सगळीकडे चालते असा दावा मात्र नाही. 'दुधासाठी जातेय' यात हेतू स्वच्छ आहे, 'दुधाखातर' कुणी म्हणणार नाही, तरी स्पॅनिशमध्ये 'बोय पोर लेचे'. स्पेनमध्ये तर 'आ पोर लेचे', जे लॅटिन अमेरिकेत अनेकांच्या कानाला खटकतं. हे पाठच करायचं. तेवढी तुमची यादी जिंकली.

शेवटी तुम्ही विचारलंय की 'एस्तोय पोर सालिर' हे तुमच्या मेक्सिकन मैत्रिणीच्या मते बरोबर आणि स्पेनच्या शिक्षकांच्या मते चूक, तर खरं कोण? दोघंही. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ 'निघणारच आहे'. स्पेनमध्ये 'निघावं असं मनात येतंय', आणि निघायच्या क्षणाला तिथे 'आ पुंतो दे' म्हणतात. तुमच्या शिक्षकांनी बहुधा पहिला अर्थ खोडला असणार. आपलं 'निघायच्या बेतात आहे' घ्या. त्यात बेतही आहे आणि पायात चप्पलही.