सुखोई जुनं झालं म्हणून मोडीत?

'हवाई दलाच्या सुखोई-३० या लढाऊ विमानाच्या सुधारणेवर पैसे ओतण्यापेक्षा सरळ नवी विमानं घ्या' हे तुमच्याकडच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. याच विमानाच्या पोटाखाली अडीच टनी ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसावं म्हणून नाशिकजवळ ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात त्याचा सांगाडा मजबूत केला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते डागूनही दाखवलं. (आम्ही ओझरच्या जवळचे, खिडक्यांच्या काचांना या विमानांचा आवाज पाठ आहे!) खरी गरज रडारची. जुन्या रडारमध्ये सगळा भार एका प्रक्षेपकावर, म्हणजे रेडिओलहरी सोडणाऱ्या भागावर. डीआरडीओच्या नव्या 'विरूपाक्ष' रडारमध्ये शेकडो छोटे प्रक्षेपक, दोन-चार बिघडले तरी विमान आंधळं होत नाही. धास्ती आहे ती दिरंगाईची. जुन्या मिग-२१ लाही सुधारून 'बायसन' करून घेतलं, ते ठीकच. पण त्याला सेवेत सप्टेंबर २०२५ पर्यंत ताणलं ना राव!