ध्यानाचा आवाज मराठीत हवा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी फोनवर ध्यानाचं ॲप घेतलं. रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकायची आणि दोन वाजेपर्यंत डोक्यात ऑफिस चालू, असं तीन महिने चाललं होतं. डॉक्टरांनी थायरॉईड, बीपी सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल आले. "रोज पाच मिनिटं शांत बसून बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिला महिना काही जमलं नाही. ॲपमधल्या बाईंचं इंग्रजी फार गोड होतं, आणि मला इंग्रजी समजत नाही असंही नाही. दिवसभर तेच बोलते, तेच लिहिते. अडचण नेमकी तीच होती. इंग्रजी कानावर पडलं की माझं मन मीटिंगला बसतं. पाठ ताठ, कपाळ आवळलेलं, सांगितलेलं नीट होतंय ना याची काळजी. श्वास बघायच्या ऐवजी मी तो बरोबर घेतेय ना हे तपासत राहायचे.

वाट दाखवली भाच्याने. तो पाचवीत आहे, त्याच्या शाळेत 'मित्र उपक्रम' आहे. राज्यातल्या बऱ्याच शाळांत मुलं त्यातून आनापान करतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष देतात, रोज दहा मिनिटं. मला डोळे मिटून बसलेलं पाहून तो म्हणाला, "मावशी, जोरात नाही घ्यायचा श्वास. येतोय तसा येऊ द्यायचा. नाकाच्या दाराशी नुसतं बसून राहायचं." नाकाच्या दाराशी! महिनाभर इंग्रजीत ऐकलेलं त्या दोन शब्दांत कळलं.

मग मी आनापानाचं मराठी मार्गदर्शन शोधून ऐकायला लागले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ध्यान करणं हे ॲपवाल्यांनी काढलेलं खूळ नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976पासून ध्यानाची शिबिरं होतात. तिथले गुरू सत्यनारायण गोएंका 2013 साली गेले, तरी आजही दहा दिवसांच्या शिबिरात सूचना त्यांच्याच आवाजात, रेकॉर्डिंगवर दिल्या जातात. माणूस समोर नसतानाही आवाजाच्या आधाराने मन जागेवर येतं, हे आपल्याकडे फार आधीपासून चालत आलंय. म्हणून "ॲपवर कसलं ध्यान" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मात्र आवाज आपल्या भाषेतला हवा, कारण रात्री दोनला जे विचार छळतात ते मराठीतच असतात.

सवय लागायला वेळ ठरवावी लागली. आमच्याकडे डोंबिवलीत सकाळी पाणी येतं. ते भरून झालं की चहा ठेवायच्या आधी, खुर्चीवर, फोन फ्लाइट मोडवर. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, खरंच चालते. सुरुवातीला तीनच मिनिटं.

आणि किती दिवस सलग बसलात ते मोजणारे ॲपमधले आकडे बंद करा. माझे 41 दिवस झाले होते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी बसायला मिळालं नाही आणि आकडा शून्यावर आला. मला रडू आलं. पुढचे दोन आठवडे बसलेच नाही. नंतर लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या संशोधनाबद्दल वाचलं, 2009 सालचं. त्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला 254सुद्धा. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. हे आधी कळलं असतं तर ते दोन आठवडे गेले नसते. (ॲपच्या फुकट चाचणीचे दिवस संपायच्या आत ऑटोपेही बंद करा. माझे वर्षाचे पैसे कापले गेले.)

एक मनापासून सांगते. डोळे मिटल्यावर कुणाची घाबरगुंडी वाढत असेल, जुनं काही वर येत असेल, तर जबरदस्तीने बसू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा 14416वर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, फोन फुकट लागतो. माझी झोप सुधारली, पण ध्यान म्हणजे उपचार नव्हेत.

ऑपरेशननंतर आईला काही दिवस वाचन, टीव्ही बंद होता. ती नुसती पडून, बेचैन. तिला माझ्या फोनवरचं लावून दिलं तर म्हणाली, "कोण गं हा माणूस? तूच सांग ना." म्हणून मी माझ्याच आवाजात तीन मिनिटांचं रेकॉर्ड केलं. आई, पाय जमिनीला टेकव. खांदे सोड. आता नाकाच्या दाराशी बस.

ऐकून म्हणाली, "जरा हळू बोल. मला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीस."

दुसऱ्यांदा केलं. प्रत्येक वाक्यानंतर स्वतःचे तीन श्वास मोजून मगच पुढे बोलले. डोळा बरा होऊन आता महिने झाले, तरी ती संध्याकाळी दिवा लावला की तेच लावते.