मागितलं ते सोडून बाकी सगळं कळवतात!

नको आहे मला तुमचं ‘खास तुमच्यासाठी’! कोणी मागितलं होतं? बातम्यांचं ॲप फोनवर ठेवलंय ते एवढ्यासाठी की मेगाब्लॉक, पाणीकपात, पावसाचा इशारा वेळेवर कळावा. आणि दिवसभर फोन वाजतो कशासाठी? तर कुठल्यातरी नटीने विमानतळावर काय घातलं होतं, उद्याचं राशिभविष्य, आणि ‘ही एक चूक करत असाल तर आताच थांबा’. त्यावर लाल अक्षरांत ‘ब्रेकिंग’. सेटिंगमध्ये जाऊन मनोरंजन बंद केलं, तर तेच ‘ट्रेंडिंग’ या नावाने परत सुरू. संताप होतो नुसता!

गेल्या रविवारी आईला घेऊन चेंबूर स्टेशनवर गेले, वाशीला जायचं होतं. लोकलच्या हार्बर मार्गावर ब्लॉक. तिचे गुडघे धड नाहीत, एकेक पायरी करत ती पूल चढली आणि तशीच परत उतरली. ब्लॉकची बातमी ॲपवर कधी आली? संध्याकाळी, ब्लॉक संपल्यावर! बरं, रविवारच्या ब्लॉकचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. म्हणजे माहिती होती, फक्त माझ्यापर्यंत पोचवायची कोणाला गरज वाटली नाही. नटीचा ड्रेस मात्र मिनिटात पोचतो.

सगळ्यात चीड याची येते की हा प्रश्न कधीच सुटलेला होता. आरएसएस फीड 1999 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीने आणलं. साधी मजकुराची फाइल असते ती: शीर्षक, लिंक, तारीख, थोडा मजकूर. साइटवर नवीन काही आलं की फाइलमध्ये एक नोंद वाढते आणि तुमचा रीडर, म्हणजे फीड वाचायचं ॲप, ती उचलतो. मी निवडलेल्या साइट, तारखेच्या क्रमाने, मध्ये कोणाची लुडबुड नाही. 2005 मध्ये गूगल रीडर आला. सकाळी चहा घेता घेता सगळं नवीन वाचून व्हायचं आणि यादी संपायची. हो, संपायची! आता कुठल्या ॲपची यादी संपते ते दाखवा मला. 1 जुलै 2013 ला रीडर बंद केला. 2018 च्या डिसेंबरात फायरफॉक्सनेही ब्राउझरमधली फीडची सोय काढून टाकली. वापरणारे कमी झाले म्हणे. कमी होणारच ना! फीड वाचणारा माणूस तुमच्या पानावर भटकत नाही, जाहिराती बघत नाही, त्याने कशावर किती वेळ घालवला ते तुम्हाला मोजता येत नाही. तो तुमच्या कामाचाच नाही.

फीड मेलेलं नाही, हे मला माहीत आहे. पॉडकास्ट आजही त्याच्याच जोरावर चालतात. मी अजून रीडर वापरते. पण कितीतरी साइटवरचं फीडचं केशरी चिन्ह दाबलं की ‘पान सापडले नाही’. कुठे फीड चालू आहे, पण शेवटची नोंद काही वर्षांपूर्वीची. कुठे दोन ओळी आणि पुढे ‘सविस्तर वाचा’, म्हणजे या परत आमच्या जाहिरातींत.

मग शब्द देऊन ईमेल अलर्ट लावला. ‘कुर्ला’ असा. मेल येतात ते कुर्ल्यातल्या टू बीएचकेच्या जाहिरातींचे. आणि ‘कुर्ल्यात उद्या पाणी नाही’ ही बातमी? ती गाळली, कारण यंत्राला ‘कुर्ला’ हवा आणि बातमीत ‘कुर्ल्यात’. सगळी मराठी अशीच चालते हो! विभक्ती कळत नसेल तर मराठी शब्दांचे अलर्ट देता कशाला?

शेवटी उरतो सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे ‘उद्या पाणी येणार नाही, कृपया साठवून ठेवा’. उद्या म्हणजे कधीचा उद्या? तारीख नाही, विभाग नाही, कोणी पाठवलं पत्ता नाही. सगळी बिल्डिंग पिंप भरत बसते आणि दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी. खरी कपात असते तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

महापालिकावाले, रेल्वेवाले, वॉर्डवार एक फीड द्या. पाणी, रस्ते, ब्लॉक. पैसे लागत नाहीत, माणसं लागत नाहीत. वर्डप्रेसवरची साधी साइटसुद्धा फीड आपोआप बनवते, पत्त्यापुढे ‘फीड’ लिहिलं की समोर. तुम्ही मात्र नोटीस छापता, सही-शिक्का मारता, वाकडी स्कॅन करता आणि तिची पीडीएफ चढवता. त्यातला शब्द शोधता येत नाही, फोनवर अक्षर लागत नाही, आणि अंध माणसाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर तिथे कोरं पानच मिळतं. मग ती नोटीस लावली कोणासाठी?